औषधाला दाद न देणारे जंतू

आमचे आयुष्य यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत गेले. वैद्यकाचे आमचे ज्ञान फावल्या वेळच्या वाचनातले. काही वर्षांपूर्वी आमच्या एका कामगाराच्या पायावर सुताचे बीम पडून नडगी मोडली. इस्पितळात हाड नीट बसवले. पण तेथेच जखम चिघळली, एकामागून एक औषधे झाली आणि अखेर पाय कापावा लागला. हाड बीमने मोडले. पाय कोणी नेला, हे शोधण्यासाठी आम्ही पुस्तके उघडली.

पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला व १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु त्यापूर्वीच लंडनच्या एका रुग्णालयात मेरी बार्बर या विदुषींनी रुग्णांतील स्टॅफिलोकॉकस जंतू तपासले होते. १९४६ साली त्यांपैकी शेकडा १४ पेनिसिलिनला दाद देत नव्हते; १९४८ साली शेकडा ५९! जंतू शहाणा होतो असे नव्हे. कोट्यवधींत एखाद्याजवळ औषध मोडून टाकणारे द्रव्य असते. औषधाने बाकीचे मेले की त्याला रान मोकळे. १९५९ साली मेथिसिलिन आले आणि १९६१ साली त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडात नोंदले गेले.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे. कार्बापेनेम ही अखेरची म्हणून राखून ठेवलेली औषधे. २०१० साली हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी त्यांना न जुमानणाऱ्या, आतड्यात वसणाऱ्या जातींच्या २४ जंतूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ हा जनुक निघाला. हा जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडेही जातो. त्याच्या नावात 'नवी दिल्ली' आल्याने आपल्याकडे मोठा गहजब झाला. नावाचा राग आला, जंतूचा कमी!

पण खाटेवरून खाटेवर हा जंतू जातो कसा? बहुधा माणसाच्या हातांवरून. १८४७ साली व्हिएन्नात झेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूतिगृहात शिरण्यापूर्वी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा जंतू म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका रुग्णालयाचे कंत्राटी सफाई कामगार आमच्याकडे आले. मागणीपत्रात पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि अगदी शेवटी साबण व हातमोजे होते. वाटाघाटी अडल्या तेव्हा पगारवाढ पदरात पाडून घेण्यासाठी ही शेवटची मागणी आम्हीच सोडली. एक बाई म्हणाल्या, "साहेब, ते राहू द्या की. एका खाटेचं काढून तसंच दुसऱ्या खाटेकडं जावं लागतं आम्हाला." पुढच्या करारात बघू, असे आम्ही त्यांना सांगितले.