बारातले उरले दोन

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

अमेरिकेतल्या विद्यापीठांचा 'बिग टेन' नावाचा एक क्रीडागट आहे. नावात दहा, सभासद अठरा. 'बिग ट्वेल्व्ह' नावाच्या दुसऱ्या गटात सोळा विद्यापीठं आहेत. २०१२ साली तर 'टेन'मध्ये बारा होती आणि 'ट्वेल्व्ह'मध्ये दहा! 'अटलांटिक कोस्ट' नावाच्या गटात २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातली दोन विद्यापीठं सामील झाली. कॅलिफोर्नियाला किनारा आहे तो पॅसिफिकचा, म्हणजे देशाच्या नेमक्या दुसऱ्या टोकाचा.

हसू येतं खरं. पण या गमतीपायी एक शंभर वर्षांचं घर मोडलं, ते कसं हे मला सांगायचं आहे.

आधी एक लक्षात घ्या. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ सामन्यांना मैदानाच्या कडेला उभे असलेले वीस-पंचवीस मित्र डोळ्यांसमोर आणू नका. तिथं विद्यापीठाच्या फुटबॉलला (त्यांचा फुटबॉल अंडाकृती चेंडूचा आणि हातानं खेळायचा) गावंच्या गावं लोटतात. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखावर प्रेक्षक बसतात.

हे सामने ज्या गटांत होतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. २ डिसेंबर १९१५ रोजी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात, एका हॉटेलात, पश्चिम किनाऱ्यावरच्या चार विद्यापीठांनी असा गट स्थापन केला. रेल्वेनं एकमेकांकडे जाता येईल असे हे शेजारी. पुढं सभासद वाढले. खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याच्या भानगडीत १९५९ साली गट मोडला आणि लगेच नव्या नावानं उभाही राहिला. १९७८ साली तो 'पॅक-टेन' झाला, २०११ साली 'पॅक-ट्वेल्व्ह'. काही वैरं तर गटाहूनही जुनी. ओरेगन आणि ओरेगन स्टेट १८९४ पासून भिडतात, वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट १९०० पासून. एकाच घरातला एक भाऊ इकडे शिकलेला, दुसरा तिकडे, अशी ही भांडणं.

मग दूरचित्रवाणी आली. घरबसल्या सामना दिसला तर तिकीट कोण काढील, या भीतीनं 'एनसीएए' या देशव्यापी क्रीडासंस्थेनं १९५० च्या दशकापासून प्रक्षेपण आपल्या मुठीत ठेवलं. १९८० च्या दशकातल्या नियमानुसार कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा पडद्यावर दिसता कामा नये. पैसेही समान! १९८१ साली एका आठवड्यात ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया या दोन बलाढ्य संघांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांनी दाखवला. त्याच आठवड्यात दोन लहान कॉलेजांचा सामना फक्त चार केंद्रांवर दिसला. चारही संघांना रक्कम मात्र सारखीच मिळाली.

मोठ्यांना हे खुपणारच. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं न्यायालयात गेली आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. न्यायमूर्ती सात विरुद्ध दोन. विरोधी निकालपत्र लिहिणारे बायरन व्हाइट स्वतः १९३० च्या दशकात कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. विद्यापीठाचा खेळ हा शिक्षणाचा भाग आहे, त्याला निव्वळ धंद्याचे नियम लावू नयेत, असं त्यांचं म्हणणं. कायद्याच्या अंगानं बहुमताचा निकाल मला पटतो. पण मैदानावर घाम गाळलेल्या माणसाला पुढचं दिसलं होतं, असंही वाटतं.

कारण आता प्रक्षेपणाचा हक्क विकायला जो तो मोकळा होता, आणि गट जितका मोठा तितकी बोली मोठी. पेन स्टेट आल्यावर 'बिग टेन'चे अकरा झाले. नाव बदलायचं नव्हतं, म्हणून त्यांनी बोधचिन्हातल्या अक्षरांच्या फटींत ११ हा आकडा लपवला! २००७ साली या गटानं स्वतःची वाहिनी काढली. केबल घेणारा सामना बघो न बघो, महिन्याच्या बिलात पैसे भरतोच. म्हणून २०१४ साली रटगर्स आणि मेरीलंड यांना आत घेतलं. खेळापेक्षा न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन शहरांभोवतालच्या घरांची संख्या महत्त्वाची होती, हे उघड आहे.

३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसची दोन्ही मोठी विद्यापीठं, सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए, आपण 'बिग टेन'मध्ये जाणार असं जाहीर करून मोकळी झाली. दोनच महिन्यांत 'बिग टेन'चा सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार झाला. 'पॅक-ट्वेल्व्ह'च्या हाती मात्र धड करार येईना. २०२३ च्या जुलैत कोलोराडो बाहेर पडलं. हो, न्यायमूर्ती व्हाइट यांचंच कोलोराडो. ४ ऑगस्टला एकाच दिवशी पाच विद्यापीठं गेली, सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि बर्कली.

यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी विद्यापीठाच्या दोन शाखा. धाकटीनं थोरलीला उघड्यावर टाकलं म्हणून यूसीएलएनं बर्कलीला तीन वर्षं दरसाल एक कोटी डॉलर द्यावेत, असं नियामक मंडळानं ठरवलं. पोटगीच म्हणायची!

यात भरडली जातात ती व्हॉलीबॉल-सॉफ्टबॉल खेळणारी मुलं. करार झाला फुटबॉलसाठी, प्रवास सगळ्यांच्या वाट्याला. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सी सुमारे चार हजार किलोमीटर, घड्याळात तीन तासांचा फरक, आणि परत येऊन वर्गात बसायचं.

बारातले उरले दोन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावांतली विद्यापीठं, म्हणून कुणाला नकोशी. पण ती रडत बसली नाहीत. गटाची तिजोरी आणि कारभार राहणाऱ्यांचा, जाणाऱ्यांचा नव्हे, असा दावा त्यांनी वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयात लावला आणि जिंकला. दोघांचाच गट चालवत त्यांनी नवे सोबती जमवले, आणि २०२६ च्या जुलैपासून नव्या गटाची घडी बसवायचं ठरलं. त्यात टेक्सासचंही एक विद्यापीठ. पॅसिफिक कुठं आणि टेक्सास कुठं, पण आता कोण कुणाला हसणार?

वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा सामना एरवी हंगामाच्या शेवटी, नोव्हेंबरात रंगायचा. आता गट वेगळे, म्हणून सवड काढून खेळायचा. २०२४ साली तो सप्टेंबरात सिॲटलमध्ये झाला. सोडून गेलेल्या वॉशिंग्टनला सामना संपता संपता गोलरेषेशी अडवून वॉशिंग्टन स्टेटनं तो २४-१९ असा जिंकला.