पिशवी काढण्याआधी

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतल्या बचतगटांचं काम आम्ही बघतो. गावाकडून कुणाची नणंद, कुणाची भाची तपासणीसाठी इथे येऊन उतरते. हातात सोनोग्राफीचा कागद. त्यावर ‘फायब्रॉइड’ लिहिलेलं असतं आणि तोंडी एवढंच सांगितलेलं असतं, ‘पिशवी काढावी लागेल.’ या गाठीवर ऑपरेशनाशिवायचे इलाज कसे आले, ते आज सांगतो.

ही गाठ गर्भाशयाच्या स्नायूतूनच वाढते आणि ती कॅन्सरची असणं फार दुर्मिळ. कितीतरी जणींना गाठ असते, पण त्रास काहीच नसतो. पाळी गेली की ती बहुधा आपोआप आकसते. म्हणून पाळी जायला आलेल्या, फारसा त्रास नसलेल्या बाईला ‘थांबा, अधूनमधून सोनोग्राफी करा’ हे सांगणं हाही इलाजच. मात्र पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

अंगावरून फार जात असेल तर ट्रानेक्झॅमिक अॅसिडची गोळी देतात. ती शोधली जपानच्या उताको ओकामोतो या डॉक्टरबाईंनी, नवऱ्यासोबत. बाळंतपणात रक्तस्रावाने बायका मरतात, त्यावर औषध हवं म्हणून त्यांचा खटाटोप होता. लेकरू पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करायच्या. १९६२ साली हा शोध छापून आला. गोळीने गाठ जात नाही, रक्त जाणं कमी होतं. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालाय, त्यांना ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. पुढे १९९० मध्ये फिनलंडमध्ये हार्मोन सोडणारी, कॉपर-टीसारखी दिसणारी वस्तू बाजारात आली. गाठीने पिशवीचा आतला आकार बिघडला नसेल, तर तिचाही उपयोग होतो.

सगळ्यात नवलाची गोष्ट पॅरिसची. तिथले डॉक्टर जाक राविना ऑपरेशनात रक्त कमी जावं म्हणून आधी गाठीला रक्त पुरवणाऱ्या नसा बंद करून घेत. पण नसा बंद झाल्यावर कितीतरी बायकांचा त्रासच थांबला आणि ऑपरेशनची गरज उरली नाही! अशा १६ बायकांची हकिकत १९९५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. यात जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून वाळूसारखे कण सोडतात. रक्त तुटलं की गाठ आकसते. नंतर एक-दोन दिवस पोटात चांगलंच दुखतं, आणि पुढे मूल हवं असेल तर आधी नीट विचारून घ्यावं लागतं. २००४ साली अमेरिकेत ध्वनिलहरींनी गाठ जाळण्याच्या यंत्रालाही मान्यता मिळाली, पण ते प्रत्येक गाठीला चालत नाही.

नळीचा हा इलाज स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, रेडिओलॉजीचे खास शिकलेले डॉक्टर करतात. त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यात त्याचं नावही निघत नाही.

नाव न निघण्याची किंमत बीडच्या ऊसतोड बायकांनी मोजली. खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, मग दर महिन्याची कटकट नको म्हणून पिशवीच काढायची. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर २०१९ साली आकडे आले: ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. म्हणजे सहा जणींत एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. साऱ्याच जणींना गाठ होती असं नाही. कुणाला नुसतं पांढरं जात होतं, कुणाची कंबर दुखत होती. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली, तर तिशीतच अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात. तशा अंगानेच पुन्हा मोळी उचलायची.

डॉ. नरेंद्र गुप्तांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सगळ्या राज्यांना सांगितलं, विनाकारण पिशवी काढणं रोखण्यासाठी केंद्राने केलेले नियम तीन महिन्यांत लागू करा.

गाठ फार मोठी असेल, औषधांनी रक्त थांबत नसेल, तर ऑपरेशन करावंच लागतं, तेव्हा घाबरू नका. पण मुंबईला येणार असाल तर सोनोग्राफीचा कागद आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत आणा. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: गाठ किती सेंटिमीटरची आहे, नेमकी कुठे आहे, आणि नस बंद करण्याचा इलाज मला चालेल का.