भिंगारच्या बालकांचे शब्दशिक्षण

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्याच्या पूर्वेकडे वसलेल्या भिंगारचे नाव इतिहासग्रंथांत येते ते बहुधा लढाया आणि छावण्या यांच्याच अनुषंगाने. 1490 मध्ये मलिक अहमदाने बहामनी फौजेचा याच परिसरात पराभव करून निजामशाहीचा पाया भक्कम केला आणि चार वर्षांनी सीनेच्या काठी आपल्या नावाचे शहर वसविण्यास प्रारंभ केला. दक्षिणेच्या दीर्घ मोहिमेने थकलेल्या औरंगजेबाने 1707 मध्ये येथेच अखेरचा श्वास घेतला. 1803 च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून किल्ला घेतला, आणि पुढे इंग्रजी अंमलात येथे जी छावणी स्थिरावली तिच्या परंपरेत स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र येऊन मिळाले. या साऱ्या घडामोडींची दफ्तरे आहेत, सनदा आहेत, तवारिखा आहेत. परंतु ज्या घरांच्या दारांवरून ही सैन्ये गेली, त्या घरांत प्रत्येक पिढीचे मूल बोलावयास कसे शिकले, याची नोंद कोणत्याही कारकुनाने ठेवली नाही. आणि माझ्या मते गावाच्या इतिहासाचा तो भाग लढायांहून कमी मोलाचा नाही.

भिंगारसारख्या ठिकाणी मुलाच्या कानावर एकच भाषा कधी पडली नसावी. घरात नगरी वळणाची मराठी, शेजारच्या मोहल्ल्यात दखनी, नगरमधील पद्मशाली विणकरांच्या घरांत मागाच्या खटखटाटाबरोबर तेलुगू, आणि कँपात पलटणीबरोबर आलेली हिंदुस्थानी व इंग्रजी, अशा चार प्रवाहांच्या संगमावर येथील मूल वाढले. शिपाई, हवालदार, अर्ज, फिर्याद, बाजार, जमीन हे शब्द कोणत्या राज्यकर्त्यांच्या अंमलात आले याची चिकित्सा त्याने केली नाही, आणि बिगूल, परेड, बराक हे शब्द उचलताना परक्याचे उसने घेतो आहोत असेही त्याला वाटले नाही. जो शब्द आपल्या माणसाच्या तोंडून, डोळ्यांसमोरच्या वस्तूकडे किंवा प्रसंगाकडे बोट दाखवून आला, तो त्याने आपला मानला.

या शिक्षणाची पहिली पायरी म्हणजे मांडीवरची बोली. कावळ्याला काऊ, चिमणीला चिऊ, मांजराला माऊ, कुत्र्याला भूभू, खाण्याला मम्मं, निजण्याला जोजो, फिरावयास जाण्याला भूर, ही शब्दसंपत्ती कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. ती आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे तोंडोतोंडीच येते. आवाज दुणावून म्हणावयाचा, जोडाक्षर टाळावयाचे, जिभेला जड जाणारे वर्ण मऊ करावयाचे, हा त्या बोलीचा अलिखित नियम होय. पंडितांनी ही बोली पुष्कळ काळ पोरकट म्हणून दुर्लक्षिली. परंतु 1964 मध्ये डॉ. अशोक केळकर यांनी मराठी बालभाषेवर स्वतंत्र निबंध लिहून तिची व्यवस्था उलगडून दाखविली, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने जगातील सहा भाषांमधील बालबोलींची तुलना करताना त्या सहांत मराठीचा समावेश केला. चार्ल्स डार्विनने आपल्या मुलाच्या शैशवाची टिपणे 1877 मध्ये प्रसिद्ध केली, त्यांत ते मूल वर्षाचे झाले तेव्हा खाद्यपदार्थासाठी ‘मम’ असा शब्द त्याने स्वतःच योजला, असे नमूद आहे. आमच्या घराघरांतील मम्मंशी त्याचे साम्य पाहिले म्हणजे मानवी शैशवाची एकात्मता मनाला भिडल्यावाचून राहत नाही.

यानंतर मूल शाळेत जाई, तेव्हा मात्र शिक्षणाची रीत पालटे. पंतोजीच्या शाळेत धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवावयाची, ओनामासीपासून आरंभ करून बाराखड्या, पाढे, पावकी-निमकी घोकावयाची, पुढे मोडीचे वळण साधावयाचे, आणि घरी दिवेलागणीला परवचा म्हणावयाचा, असा तो क्रम होता. या रीतीने हिशेबनीस आणि कारकून तयार झाले, स्मरणशक्ती कसली गेली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शब्द आणि अनुभव यांची गाठ तेथे सुटली. मूल जे म्हणे त्याचा अर्थ त्याला कळलाच पाहिजे असा आग्रह नव्हता. शिवाय मुलींना तेथे स्थानच नव्हते, म्हणजे जिच्याकडून बालक पहिला शब्द घेणार तिलाच अक्षरांपासून दूर ठेवलेले होते.

ही विसंगती ओळखण्याचे श्रेय नगरच्या भूमीशी निगडित आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणे स्थापिले. तेथूनच 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ निघू लागले. 1827 च्या अखेरीस मुंबईला आलेल्या सिंथिया फॅरार या अमेरिकन बाई 1839 मध्ये नगरला आल्या आणि 1862 मध्ये येथेच निवर्तेपर्यंत त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. त्यांची शाळा महात्मा जोतीराव फुले यांनी पाहिली, तिचा त्यांच्या मनावर गाढ परिणाम झाला, आणि 1848 मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी फॅरारबाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी सांगितले आहे. पुढे 1853 मध्ये ‘ज्ञानोदया’तच जोतीरावांनी आपली भूमिका विशद केली. आईच्या द्वारे मुलावर होणारा संस्कार सर्वांत मोलाचा असल्याने देशाच्या हितचिंतकांनी प्रथम स्त्रियांच्या दशेकडे पाहिले पाहिजे, असा तिचा आशय होता. स्त्रीशिक्षणाच्या या युक्तिवादात बालशिक्षणाचे मूलतत्त्वच सामावलेले आहे, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

आधुनिक संशोधन त्याच दिशेने बोट दाखविते. सुसान केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी 1978 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन-चार वर्षांच्या मुलांना, त्यांच्या बालशाळेतील सहज व्यवहारात, दोन तबकांपैकी निळे नव्हे तर दुसरे आणावयास सांगितले आणि त्या दुसऱ्याच्या मळकट हिरव्या रंगासाठी त्यांनी कधी न ऐकलेला शब्द वापरला. धडा दिला नाही, व्याख्या सांगितली नाही; तरी मुलांनी बरोबर तबक आणले, आणि पुष्कळांच्या मनात त्या एकदाच ऐकलेल्या शब्दाचा काही ना काही ठसा आठवड्याहून अधिक काळ टिकून राहिला. सांगणारा काय म्हणू इच्छितो याचा माग काढीत मूल शब्द घेते, हाच याचा इत्यर्थ. कोरड्या जमिनीत शिंपडलेले बी आणि वाफशावर पेरलेले बी यांत जो भेद, तोच पाठ केलेला शब्द आणि व्यवहारात मिळालेला शब्द यांत आहे.

महाराष्ट्रात या तत्त्वाला संस्थात्मक रूप दिले ते ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापून, 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला काम करून, त्यांनी मुलांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचविले. पानाफुलांशी, मातीशी, रोजच्या कामांशी जोडून शब्द द्यावयाचा, ही ताराबाईंची रीत म्हणजे मांडीवरच्या शाळेचाच शास्त्रशुद्ध विस्तार होता.

आज नगर-भिंगारच्या कित्येक घरांत मूल बोलू लागण्याच्या आतच त्याच्या हाती मोबाईल दिला जातो, आणि आईवडील स्वतःची भाषा बाजूस सारून तोडक्या इंग्रजीत त्याला रंगांची व फळांची नावे घोकवितात. मुलाचे कल्याण व्हावे हाच त्यांचा हेतू असतो. परंतु त्यामुळे शब्दापासून माणूस तुटतो, आणि पंतोजीच्या शाळेतील जुना दोष नव्या वेशात परत येतो. दुसरी भाषा मुलाला बाधत नाही. अनेक भाषांच्या संगमावर वाढलेल्या भिंगारच्या पिढ्या त्याला साक्ष आहेत. बाधते ती अबोल सोबत. म्हणून आईबापांना, आजीआजोबांना आणि अंगणवाडीतील ताईंना एवढीच विनंती आहे: स्वयंपाक करताना, बाजारात जाताना, न्हाऊ घालताना मुलाशी आपल्या भाषेत भरपूर बोला, आणि ते जे बोबडे उत्तर देईल ते थांबून ऐका.