मिरचीतला 'च' आला कुठून?

सुरतेत वराछाच्या किराणा दुकानात सौराष्ट्राकडचा हिरे-कारागीर 'तीखा' मागतो, तेव्हा त्याला काळे मिरे हवे असतात. लिंबायतला, म्हणजे खानदेशातून कापडाच्या मागांवर कामाला आलेल्या कुटुंबांच्या वस्तीत, 'तिखट' मागितले की लाल मिरचीची पूड पुड्यात बांधली जाते. दोन्ही शब्द एकाच 'तीक्ष्ण'चे नातू. एक जुन्या मसाल्याच्या घरी राहिला, दुसरा नव्याच्या घरी गेला.

सुरतेच्या खाण्यातही हे दोघे शेजारीच नांदतात. हिवाळ्यात तापीकाठी पोंक, म्हणजे आपला हुरडा, विकायला आला की सोबत लिंबू-मरीची शेव हवीच. या 'मरी'चा अर्थ मिरे. रताळू पुरी नावाची सुरती भजी जांभळ्या कंदाच्या चकत्यांची असते. पीठ लावलेल्या चकतीवर तळण्याआधी भरडलेले धणे आणि मिरे दाबतात, म्हणून दाताखाली आधी धणा फुटतो आणि मग मिरे जिभेला चावते. उंधियूचा हिरवा मसाला मात्र 'मरचां'वाचून होत नाही. गुजरातीत मरी आणि मरचुं, मराठीत मिरी आणि मिरची. जोडी एकच, आणि तिच्यातच एक कोडे दडलेले आहे.

संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरे. प्राकृतात दोन स्वरांमधला 'च' गळतो: सूचीची सुई झाली ती अशीच. 'ज'चीही तीच गत, म्हणून राजकुलाचे राऊळ झाले. त्याच रीतीने मरिचचे 'मरिअ', 'मिरिअ' झाले आणि पुढे मिरी, मिरे. हजारभर वर्षांपूर्वीच 'च' गमावलेल्या या शब्दावरून सोळाव्या शतकात आलेल्या फळाचे नाव पडले असेल, तर त्यात 'च' परतला कसा?

एक सोपे उत्तर 'मिरीची धाकटी बहीण ती मिरची' असे दिले जाते. ऐकायला गोड, पण मराठीत असा लघुत्वाचा 'ची' प्रत्यय दाखवता येत नाही. शिवाय मिरपूड, मिरवेल या जुन्या जोडशब्दांत 'च'चा मागमूस नाही. दुसरे उत्तर वैद्यांचे. त्यांच्या पोथ्यांत 'मरिच' शाबूत होते, तेच त्यांनी नव्या फळाला दिले असेल. पण ठेचा आणि लोणच्यातून पसरलेल्या जिनसेचे बारसे पोथीतून होईल, हे पटत नाही.

तिसरे उत्तर जास्त वजनाचे आहे. फळ पोर्तुगीजांनी आणले, तेव्हा नावही गोव्याकडूनच वर सरकले असणार. कोलंबसापासून युरोपीय लोक या फळाला मिऱ्याचेच नाव देत होते, पोर्तुगीजांचा 'पिमेंता'ही दोघांना चाले. पण गोव्यात आणि मालवणात मिरचीला म्हणतात काय? मिरसांग. मिरी आणि सांग, म्हणजे शेंग: मिऱ्याची शेंग. कन्नडात मेणसु म्हणजे मिरे आणि मेणसिनकायी म्हणजे मिरची. तमिळमध्ये मिळगु आणि मिळगाय, मिऱ्याचे फळ. दक्षिणेने घरच्या मिऱ्याला शेंग किंवा 'काय', म्हणजे फळ, जोडून काम भागवले. गोव्याहून फळासोबत नावही आले असते, तर पुण्यात आज 'मिरशेंग' विकली गेली असती.

म्हणून 'च'चा माग उत्तरेला काढावा लागतो. हिंदीने 'मिर्च' हे 'च' सांभाळलेले रूप टिकवले होते आणि ते मुळात मिऱ्याचेच होते. म्हणून तर तिथे आजही काली मिर्च आणि लाल मिर्च अशी विशेषणे लावावी लागतात. अकबराने १५७३ मध्ये सुरत घेतली. त्याच्या दरबारी लिहिलेल्या 'ऐन-इ-अकबरी'त मसाल्यांचे भाव आहेत, मिरे आहेत, मिरची नाही. सतराव्या शतकात सुरतेचा वीरजी व्होरा मिऱ्याचा माल अडवून भाव ठरवी, आणि इंग्रज कोठीवाल्यांना त्याच्याकडूनच घ्यावे लागे.

किनाऱ्यावरचा माल आणि आग्र्याकडचे गिऱ्हाईक यांची गाठ पडण्याची जागा म्हणजे हे बंदर. तिथून निघालेला रस्ता नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला आणि पुढे आग्र्याला जाई. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने बुऱ्हाणपूरपर्यंत गेला. फळ दक्षिणेकडून आले, नाव उत्तरेकडून, आणि गाठ या रस्त्यावर पडली. हा तर्क आहे, पण मरी-मरचुं आणि मिरी-मिरची या दोन्ही जोड्यांचा उलगडा एकदम करणारा दुसरा तर्क समोर नाही. मिरे घरात होतेच, त्याचे नाव हलले नाही. नवी जिन्नस बाजारातून आली ती बाजारचे नाव घेऊन.

त्या रस्त्यावरचे नंदुरबार आज मिरचीचे गाव आहे. हंगामात ओली लाल मिरची बाजार समितीत येते आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत पडते. बाया तोंडाला फडके बांधून देठ खुडत बसतात.

नंतरच्या नावांतही मिरे पुन्हा कामी आले नाहीत. लवंगी मिरचीने लवंगेचे रूप घेतले, गुजरातीतही ती 'लविंगियां मरचां'च आहे. मोठी, जवळजवळ बिनतिखट जात आली, तेव्हा ती गुजरातीत 'भोलर मरचां' झाली, पुण्या-मुंबईकडे सिमला किंवा भोपळी मिरची आणि कोल्हापुरात ढबू. तिखटपणा नसतानाही तिच्या नावात 'च' मात्र आला, कारण तोवर नवे नाव मिरचीवरूनच पडत होते.