पाळणा हलावा म्हणून: मस्कत–मुंबई वाटेची दीडशे वर्षं



आजचा विषय आपल्याकडे हळू आवाजात बोलला जातो. मस्कतहून मुंबईला विमान अडीच-तीन तासांत पोचतं. त्यात कुणी लग्नाला निघालेलं असतं, कुणी शाळेच्या सुट्टीत आजोळी. आणि अधूनमधून एखादं जोडपं असं असतं, की रजेचं कारण विचारलं तर 'घरचं थोडं काम आहे' एवढंच सांगतं. खरं कारण हातातल्या फाईलमध्ये असतं: सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्ताच्या तपासण्या, इंजेक्शनांची यादी. मूल व्हावं म्हणून ते दवाखान्यात चाललेले असतात.

या वाटेचा इतिहास बघितला, की एक गोष्ट लक्षात येते. उपचारासाठी माणसं समुद्र ओलांडतात, ती आपल्या काठावर जे नाही त्यासाठी. एके काळी डॉक्टर नव्हता. पुढे डॉक्टर आला, पण तंत्र नव्हतं. आता तंत्र दोन्ही काठांवर आहे, तरी प्रवास थांबलेला नाही. आता अडतं ते कायद्याशी आणि रजेशी. हे बदलत कसं गेलं, ते आज पाहू.

सुरुवात एका मराठी डॉक्टरापासून करू या. आत्माराम सदाशिव जयकर, जन्म १८४४. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले हे डॉक्टर १८७० च्या दशकात मस्कतच्या ब्रिटिश एजन्सीत सर्जन म्हणून आले आणि शतक संपेपर्यंत त्यांचं बरंचसं आयुष्य इथेच गेलं. त्यांनी ओमानी अरबी बोलीचा अभ्यास प्रसिद्ध केला, इथले प्राणी, मासे, सरडे गोळा करून लंडनच्या संग्रहालयाला पाठवले. ओमानच्या डोंगरकड्यांवर राहणाऱ्या रानबकरीला, म्हणजे अरबी ताहरला, १८९४ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं ते जयकरांच्या नावावरून, आणि आजही त्या नावात 'जयकरी' आहे. म्हणजे मस्कत आणि मुंबईमधल्या वैद्यकीय प्रवासाच्या सुरुवातीच्या काळात रुग्ण मुंबईकडे जाण्याआधी डॉक्टरच मुंबईच्या बाजूने इकडे आला होता.

पण पुरुष डॉक्टरासमोर बाईने काय बोलायचं, हा प्रश्न दोन्ही काठांवर सारखाच होता. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये बोटीने अमेरिकेला निघाल्या, त्यामागे हेच कारण होतं. त्यांचं स्वतःचं बाळ जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेलं होतं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांना एम.डी. मिळाली आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच वर्षी मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं, जिथे तपासणाऱ्या डॉक्टरही बायकाच असाव्यात असा आग्रह होता. मस्कतला हे यायला आणखी सत्तावीस वर्षं लागली. १९१३ मध्ये अमेरिकन मिशनच्या डॉ. सारा हॉस्मन यांनी इथे बायका-मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यांचा एक पाय कृत्रिम होता. त्या पायाने त्या मस्कतच्या गल्ल्यांतून घरोघरी बाळंतपणं करायला जात. पुढे मत्रामध्ये डॉ. वेल्स थॉम्स यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं.

याच्या पलीकडचं काही हवं असेल, तर ऐपत असलेल्या घरांपुढे मुंबई होती. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या डाकबोटी १८६२ पासून मुंबई, कराची, मस्कत करत बसऱ्यापर्यंत जात. 'द्वारका' ही त्यातली अखेरची बोट १९८२ पर्यंत चालली, आणि आखातात गेलेल्या कोकणातल्या जुन्या माणसांना तिचं नाव अजून आठवतं. मस्कतमध्ये भारतीय रुपया चालत असे. १९५९ नंतर खास आखातासाठी छापलेला रुपया आला आणि ओमानात तो १९७० पर्यंत टिकला. त्यामुळे मुंबईच्या डॉक्टराची फी ही मस्कतच्या माणसाला परक्या देशातली फी वाटत नसे. गादी सोडलेले सुलतान तैमूर बिन फैसल यांचं उत्तरायुष्यही भारतात गेलं आणि १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं ते मुंबईतच.

आता तंत्राकडे येऊ. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला लुईस ब्राउन जन्मली, जगातलं पहिलं 'टेस्ट ट्यूब बेबी'. अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. तिचं नाव जगाला 'दुर्गा' म्हणून कळलं. मुखर्जींच्या वाट्याला मात्र कौतुक आलं नाही. सरकारी समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला, जपानला परिषदेसाठी जायची परवानगी नाकारली गेली, आणि पुढे त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

मग ६ ऑगस्ट १९८६. मुंबई, परळ, केईएम हॉस्पिटल. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा चावडाचा जन्म झाला. प्रयोगशाळेची बाजू शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेची, डॉ. टी. सी. आनंद कुमार यांची. हे भारतातलं पहिलं, कागदोपत्री नीट नोंदलेलं टेस्ट ट्यूब बाळ. अनेक वर्षांनी, १९९७ मध्ये, याच आनंद कुमारांनी मुखर्जींच्या नोंदी वाचल्या आणि जाहीरपणे सांगितलं की पहिला मान त्यांचा. स्वतःच्या नावावर असलेला पहिला क्रमांक आपणहून दुसऱ्याला देणं शास्त्राच्या इतिहासात फार वेळा घडत नाही. आणि हर्षा? २०१६ मध्ये ती स्वतः आई झाली, डॉ. हिंदुजांच्याच देखरेखीखाली.

यातली एक गोष्ट आपल्या आजच्या विषयासाठी महत्त्वाची आहे. केईएम हे महापालिकेचं हॉस्पिटल. म्हणजे आपल्याकडे हे तंत्र जिथे रुजलं, ते केसपेपर काढून रांगेत उभं राहणाऱ्यांचं ठिकाण होतं. पण पुढच्या वीस वर्षांत ते जवळजवळ पूर्णपणे खाजगी दवाखान्यांत गेलं, आणि मग ज्याच्या हाती रियाल, दिरहम किंवा डॉलर, त्याच्यासाठी मुंबई-पुणे हे उपचाराचं ठिकाण झालं.

इकडे ओमानमध्ये १९७० नंतर चित्र झपाट्याने पालटलं. १९७४ मध्ये खौला हॉस्पिटल, १९८६ मध्ये सुलतान काबूस विद्यापीठ, त्याच्या पाठोपाठ रॉयल हॉस्पिटल. त्याच १९८० च्या दशकात ओमानी बाईला सरासरी आठाच्या आसपास मुलं होत. जिथे प्रत्येक अंगण मुलांनी भरलेलं, तिथे रिकाम्या पाळण्याचं दुःख किती असेल, ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे 'कूस उजवली' म्हणतात आणि न उजवल्याचं खापर बाईवर फुटतं, तसंच तिकडेही. अरबीत या उपचाराला 'तिफ्ल अल-अनाबीब' म्हणतात, म्हणजे नळ्यांतलं मूल. शब्दसुद्धा आपल्यासारखाच.

धर्माचा प्रश्नही लवकर सुटला. १९८० मध्ये कैरोच्या अल-अझहरने फतवा दिला: नवरा-बायकोचंच बीज असेल तर हा उपचार चालेल, तिसऱ्या कुणाचं बीज किंवा गर्भाशय चालणार नाही. आखातात साधारण हीच चौकट आहे, ओमानातही. म्हणून मस्कतमध्ये आयव्हीएफ होतं, पण दात्याचं स्त्रीबीज, दात्याचे शुक्राणू किंवा सरोगसी इथे नाही. ज्यांना डॉक्टर सांगतात की स्वतःच्या बीजावर जमणार नाही, त्यांना बाहेर जावंच लागतं. आणि हा नियम इथे राहणाऱ्या सगळ्यांना लागू असल्यामुळे आपल्या लोकांनाही लागू होतो.

आपल्या लोकांचं आणखी एक कारण आहे, आणि ते वैद्यकीय नाही. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातून आखातात आलेल्या किती पुरुषांची बायको गावीच राहिली! वर्षाला एक महिना रजा. लग्नाला सहा वर्षं झाली म्हणतात, पण एकत्र राहण्याचे दिवस मोजले तर सहा महिने भरतात. गावात मात्र बोट तिच्याकडेच. नवस तिनेच बोलायचा, उपास तिनेच करायचे, तपासण्याही आधी तिच्याच. १९९२ मध्ये ब्रसेल्सला 'इक्सी' हे तंत्र यशस्वी झालं, ज्यात एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडतात. त्याने एक सत्य ठळक केलं: दोष पुरुषाकडेही असतो, आणि त्यावर इलाजही आहे. पुरुषाची पहिली तपासणी साधी, स्वस्त आणि बिनदुखाची असते. तीच शेवटी होते, ही आपली जुनी खोड.

रजेचा हिशेबही ऐका. आयव्हीएफच्या एका फेरीत दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं. मग शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण ३६ तासांच्या आत स्त्रीबीजं काढायची. गर्भ तीन ते पाच दिवस प्रयोगशाळेत वाढतो. तो सोडल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी. म्हणजे महिन्याची रजा इथेच संपते, आणि पहिल्याच फेरीत यश येईल असं नाही. पहिल्या गोठवलेल्या गर्भातून १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात बाळ जन्मलं. तेव्हापासून गर्भ मुंबईत ठेवून पुढच्या रजेत परत येणं शक्य झालं. मस्कतच्या नोकरदारासाठी ही मोठीच सोय झाली, पण त्यातून नवा प्रश्नही आला. तो कायद्याचा.

२०१५ पर्यंत भारतात सरोगसीचा बाजार खुला होता. आयसीएमआरची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वं होती, कायदा नव्हता. २००८ मध्ये गुजरातमधल्या आणंदला मांजी नावाची मुलगी जन्मली. मूल मागणारं जपानी जोडपं तिच्या जन्माआधीच वेगळं झालं होतं. बाळाला नेमकी आई कोण, हे कोणत्याच कागदाला सांगता येईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि काही महिन्यांनी जपानने माणुसकीच्या नात्याने दिलेल्या व्हिसावर आजी तिला घेऊन गेली. अशा प्रकरणांनंतर नियम आवळत गेले. २०१५ मध्ये परदेशी नागरिकांना भारतात सरोगसी बंद झाली. त्याच वर्षी थायलंडनेही परदेशी जोडप्यांना दार लावलं.

जानेवारी २०२२ पासून भारतात दोन कायदे लागू आहेत, एक सरोगसीचा, एक आयव्हीएफसारख्या उपचारांचा. सरोगसीत पैशाचा व्यवहार बंद. सरोगेट मातेला दवाखान्याचा खर्च आणि विमा, एवढंच. आयव्हीएफसाठी बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५. स्त्रीबीज देणारी बाई आयुष्यात एकदाच देऊ शकते. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, गोठवलेले गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात, आणि ते देशाबाहेर न्यायचे तर फक्त स्वतःच्या वापरासाठी, तेही राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने.

इथे आखातातला मराठी माणूस आणि अमेरिकेतला मराठी माणूस वेगळे पडतात. मस्कतच्या बहुतेकांकडे भारतीय पासपोर्टच असतो, कारण इथलं नागरिकत्व सहसा मिळत नाही. म्हणून सरोगसीच्या कायद्यापुढे ते भारतीय जोडपं. ज्यांनी न्यू जर्सीत किंवा लंडनला नागरिकत्व घेतलं, ते 'भारतीय वंशाचे', त्यांना आधी मंडळाची शिफारस लागते. इथे कायमचं राहता येत नाही याची खंत आपण नेहमी करतो. या एका बाबतीत त्याच गोष्टीने दार उघडं ठेवलंय.

एक दार मात्र सगळ्यांनाच बंद आहे, आणि ते बंद करण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. देशभराचा कायदा १९९४ चा. तो पाळला जात नाही म्हणून २००० मध्ये सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. तरीही 'मुलगाच हवा' म्हणून तिसऱ्या देशाची तिकिटं काढणारे आहेत. मूल व्हावं म्हणून केलेला प्रवास आणि मुलगी होऊ नये म्हणून केलेला प्रवास यांना एका मापाने मोजता येणार नाही.

तेव्हा श्रोतेहो, ज्यांच्या घरात हा विचार चालू आहे, त्यांनी निघण्याआधी चार गोष्टी कराव्यात. तपासण्या दोघांच्याही मस्कतमध्येच करून घ्या, म्हणजे रजेचे दिवस वाचतील. मुंबई-पुण्याचा दवाखाना नव्या कायद्याखाली नोंदलेला आहे का, ते विचारा. गर्भ गोठवायचे असतील तर संमतीपत्र नीट वाचा: किती वर्षं ठेवणार, वर्षाची फी किती, आणि आपलं काही बरंवाईट झालं तर त्यांचं काय. आणि चौथी गोष्ट, घरातल्या किंवा बाहेरच्या एका तरी विश्वासाच्या माणसाला खरं कारण सांगा. इंजेक्शनांच्या त्या बारा दिवसांत आणि निकालाच्या त्या दोन आठवड्यांत कुणीतरी जवळ लागतं.