आठ पूर्णांक दोन : सामूची कुळकथा

गुरुकुंज मोझरीला मावशीच्या अंगणात एक जास्वंद आहे. त्याला नवं पान फुटतं तेच पिवळं. शिरा तेवढ्या हिरव्या, पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्यानं जाळी विणावी तशा. खालची जुनी पानं मात्र तजेलदार.

"एवढं शेणखत घातलं, चुलीतली राख घातली, अंड्याची टरफलं कुटून घातली, तरी पान पिवयंच. काहून रे बापा?"

मी झाडाच्या बुडाशी पडलेलं एक वाळलेलं ढेकूळ उचललं आणि स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचे चार थेंब त्यावर सोडले. ढेकूळ फसफसलं. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येत होती. माती चुनखडीनं भरलेली होती. टरफलं म्हणजे चुनखडीच आणि राख म्हणजे खार, त्यामुळे मावशी त्या जास्वंदाला मायेनं नको तेच भरवत होती.

मग तिच्या शेताच्या माती परीक्षणाचा कागद काढला. नत्र, स्फुरद, पालाश हे सगळे बघतात, तिनंही बघितलं होतं. 'सामू' या ओळीसमोर 8.2 लिहिलं होतं, त्यावरून नजर सरळ पुढे गेली होती. तो आकडा तिथवर कसा पोचला, त्याची ही कुळकथा.

आकडा यायच्या कितीतरी आधी आपल्या घरात रंग होता. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडतो, त्यावर साबण घासला की तो पिवळा डाग लालभडक होतो. मुका मार लागला की हळदीत चुना कालवून लेप देतात, तोही हातातल्या हातात लाल होतो. आंबट पदार्थात हळद पिवळीच राहते, खार लागला की रंग बदलते. म्हणजे आम्ल आणि अल्क ओळखायचं साधन प्रत्येक घरच्या मिसळणाच्या डब्यात पहिल्यापासून होतं. युरोपात हेच काम दगडफुलाच्या जातकुळीपासून काढलेल्या लिटमसनं केलं. पण रंग 'खार आहे' एवढंच सांगतो. किती आहे, ते त्याला सांगता येत नाही.

ते 'किती' सांगण्याची गरज भासली ती बिअरच्या कारखान्यात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कंपनीनं आपल्या मद्यनिर्मितीसाठी एक प्रयोगशाळा उभारली होती. माती आणि धान्यातलं नत्र मोजायची केल्डाल पद्धत याच प्रयोगशाळेतली, 1883 सालची. केल्डालनंतर तिथल्या रसायन विभागाची सूत्रं एस. पी. एल. सोरेन्सन यांच्याकडे आली. ते विकरांवर काम करत होते आणि एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. द्रावणात आम्ल किती ओतलं यावर विकराचं काम ठरत नाही, त्यातले हायड्रोजनचे किती आयन मोकळे आहेत यावर ठरतं. ही संख्या फार बारीक. लिटरला एक कोटीव्या भागाइतकी, कधी त्याहून कमी. दर वेळी इतकी शून्यं लिहीत बसण्यापेक्षा त्यांनी फक्त शून्यांचा हिशोब ठेवायचं ठरवलं. शुद्ध पाण्याला 7. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. दर पायरीला दहापट फरक. 1909 साली त्यांनी हे मांडलं आणि पीएच, म्हणजेच आपला सामू, जन्माला आला. पीएचमधला 'पी' नेमका कशाचा, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.

त्याच 1909 सालच्या 30 एप्रिलला अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत माणिक नावाचं मूल जन्मलं. पुढे ते तुकडोजी महाराज झाले, त्यांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मोझरीत बसून ही गोष्ट लिहिताना तो योग मनात आल्यावाचून राहत नाही.

आकडा झाला, तरी तो मोजणं किचकट होतं. ते सोपं केलं लिंबांनी. कॅलिफोर्नियातल्या फळबागायतदारांच्या संघाला लिंबाच्या रसाची आंबटी मोजायची होती. रस टिकावा म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड असायचा, तो लिटमसचा रंगच उडवून टाकायचा. संघातल्या रसायनतज्ज्ञानं आपला जुना वर्गमित्र अर्नोल्ड बेकमन याला गाठलं. बेकमननं 1934 मध्ये काचेची नळी आणि तिच्यातून येणारा क्षीण विद्युत संकेत वाढवणारं यंत्र एका पेटीत बसवलं. आज मोर्शी-वरुडच्या संत्रा बागायतदाराची माती ज्या मीटरखाली जाते, त्याचा हा पूर्वज. लिंबू आणि संत्रा एकाच कुळातले, म्हणून ही साखळी मला फार आवडते.

प्रयोगशाळेत मातीचं काम अगदी साधं आहे. वीस ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती, पन्नास मिलिलिटर शुद्ध पाणी, अधूनमधून ढवळायचं आणि काचेचं टोक गढूळ पाण्यात बुडवायचं. 2015 पासून सरकारी मृद आरोग्य पत्रिकेत जे बारा घटक येतात, त्यांत सामू आहेच.

आता वऱ्हाडातला खरा मुद्दा. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची. पाऊस कोकणासारखा धो धो नाही, म्हणून खडकातून सुटलेला चुना वाहून गेला नाही, पांढऱ्या खड्यांच्या रूपानं मातीतच राहिला. जिथे मोकळी चुनखडी आहे, तिथे सामू आठच्या थोडा वर येऊन स्थिरावतो. तो चुन्याचा आकडा. पण 8.5 च्या वर गेला, की गोष्ट बदलते. तिथे सोडियम शिरलेला असतो. मोझरीहून पश्चिमेला, पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अमरावती-अकोला-बुलढाण्याचा खारपाणपट्टा हा त्याचाच प्रदेश. विहिरीचं पाणी खारं आणि पुष्कळ ठिकाणी जमीन चोपण. पाऊस पडला की चिकट, वाळली की दगड, पाणी आत मुरतच नाही. अशा जमिनीला जिप्सम द्यायचं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण हुसकावलेला सोडियम वाहून न्यायला चर हवेत, नाहीतर तो तिथेच घुटमळतो. 8.2 आणि 8.8 यांत कागदावर फरक दिसतो सहा दशांशाचा, पण दोन्हीचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं.

चुनखडीच्या मातीचा सामू खाली आणायला गंधक घाला, असं बागकामाच्या पुस्तकांत सर्रास लिहिलेलं असतं. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, हे खरंच. पण हिशोब करून बघावा. एका हेक्टरची वरची पंधरा सेंटिमीटर माती भरते साधारण 22 लाख किलो. तिच्यात चुनखडी फक्त 1 टक्का असली, तरी ती संपवायला सात टन गंधक लागेल. दहा किलोच्या कुंडीत 5 टक्के चुनखडी असेल, तर 160 ग्रॅम. चमचाभर गंधक टाकून महिन्यानं सामू उतरला का, हे बघणाऱ्याची निराशा ठरलेली. आणि ज्या सल्ल्यांत चुना नि राख घालायला सांगतात, ते आम्ल मातीच्या मुलखातून आलेले असतात. कोकणातल्या जांभ्याच्या मातीला ते कदाचित लागू पडतील. मोझरीला नाहीत, हे मी अगदी आग्रहानं सांगतो.

मग जास्वंदाचं काय? त्याचं नवं पान पिवळं पडतं ते लोह न मिळाल्यानं. त्या मातीत लोह भरपूर आहे, पण सामू एक पायरी चढला की विरघळलेलं लोह हजारपट कमी होतं. मुळं लोहाच्या राशीवर बसून उपाशी राहतात. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत घातलं, तर त्यातलं लोहही तिथे अडकून बसतं. म्हणून हिराकस पानावर द्यायचं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, लिंबाचा थोडा रस, ऊन उतरल्यावर फवारणी. मातीतूनच द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्यावं, साधं ईडीटीए या सामूला टिकत नाही. राख आणि टरफलं बंद. बोअरच्या जड पाण्याऐवजी साठवलेलं पावसाचं पाणी मिळेल तेव्हा द्यायचं.

पंधरवड्यानं मोझरीला गेलो. मावशीनं मला हात धरून जास्वंदापाशी नेलं. पान अजून पिवळंच होतं, पण त्यावर हिरवे ठिपके उमटले होते. फवाऱ्याचा थेंब जिथे जिथे बसला होता, तिथे तिथे एकेक. तिनं त्यातला एक ठिपका अंगठ्यानं पुसून बघितला. तो निघाला नाही.