सुई, गोळी आणि पुन्हा सुई

मिठागरात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. मानखुर्दजवळ मंडाळ्याच्या मिठागरांचा दाखला देऊन बाष्पीभवन शिकवणाऱ्या शिक्षकांना हे सांगायला नको. शरीरातला हिशेब मात्र वेगळा आहे. तेथे मीठ राहिले की त्याच्यामागे पाणीही राहते. हृदय दुबळे झाले की मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू लागतात. मग घोटे सुजतात, बोटाने दाबले तर पडलेला खळगा लवकर भरत नाही, आणि रात्री आडवे झाले की दम लागतो.

अशा सुजेवर आपल्याकडे पुनर्नवा, म्हणजे पावसाळ्यात कोठेही पसरलेली दिसणारी घेटुळी, देत आले आहेत. आधुनिक वैद्यकाला जोमदार मूत्रल औषध सापडले ते मात्र भलत्याच रोगावर उपचार करताना. ऑक्टोबर १९१९ मध्ये व्हिएन्नात प्राध्यापक वेंकेबाख यांच्या विभागात आल्फ्रेड फोग्ल हा वैद्यकाचा विद्यार्थी काम करीत होता. उपदंश झालेल्या एका तरुण मुलीसाठी त्याने पाऱ्याच्या एका क्षाराचे पाण्यातले द्रावण मागवले. हा क्षार पाण्यात विरघळतच नाही, असे उत्तर आले! तोवर एका सहकाऱ्याने नोव्हासुरॉल या पाऱ्याच्याच नव्या औषधाचा नमुना आणून दिला. फोग्लने तो टोचला. परिचारिका रोजची लघवी मोजून तक्त्यात नोंदवीत असत. सुई दिली की तक्त्यातला आकडा एकदम चढे, थांबवली की उतरे. शोध लागला तो या तक्त्यामुळे. कोणी मोजलेच नसते तर काय दिसले असते?

पाऱ्याची ही औषधे पोटातून नीट शोषली जात नसत, शिवाय विषारी. म्हणून तीसेक वर्षे रुग्णाच्या नशिबी सुईच राहिली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस क्लोरोथायझाइडची गोळी आली आणि नंतरच्या दशकात जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीचे फ्युरोसेमाइड, म्हणजे आपले 'लॅसिक्स'. (मुलुंडकरांना हेक्स्ट हे नाव तिथल्या कारखान्यामुळे आणि संशोधन केंद्रामुळे परिचित आहे.) परिणाम साधारण सहा तास टिकतो, त्यावरूनच हे नाव पडले असे सांगतात.

सुई सुटली असे वाटले, पण गोळीची एक अडचण निघाली. फ्युरोसेमाइड तोंडाने घेतले तर सरासरी निम्मेच रक्तात पोचते. कोणात फार कमी, कोणात जवळजवळ सगळे. त्यात सूज केवळ पायांवर नसते, आतड्यांच्या भिंतीही फुगलेल्या असतात. औषध सावकाश शोषले जाते, आणि मूत्रपिंडावर परिणाम व्हायला लागते तेवढी पातळी एका वेळी गाठलीच जात नाही. ज्याला औषधाची गरज अधिक, त्याच्यावरच गोळी कुचकामी! मग शिरेतून इंजेक्शन देण्यासाठी रुग्णालय गाठायचे. मानखुर्दहून राजावाडी किंवा शीव गाठणे निरोगी माणसाला काहीच नाही. पण दम लागलेल्या माणसाला रेल्वेचा पूल चढून पाहायला सांगा.

मग घरच्या घरी त्वचेखाली टोचता येणार नाही का? नेहमीचे इंजेक्शन अल्कधर्मी असते, त्वचेखाली झोंबते. त्याचा सामू रक्ताच्या जवळ आणून, पोटावर चिकटवायच्या छोट्या पंपातून ८० मिलिग्रॅम औषध पाच तासांत सोडणाऱ्या साधनाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

नाकाची वाट अधिक सोपी, पण तिथे जागा अपुरी. इंजेक्शनच्या १ मिलिलिटरमध्ये फ्युरोसेमाइड १० मिलिग्रॅम असते, म्हणजे ४० मिलिग्रॅमसाठी ४ मिलिलिटर हवे. नाकपुडीत एका वेळी मिलिलिटरचा दहावा-पाचवा भागच राहतो, बाकीचे ओघळते किंवा घशात उतरते. त्याच जातीचे ब्युमेटॅनाइड मात्र १ मिलिग्रॅममध्ये ४० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइडचे काम करते. म्हणून फवाऱ्यासाठी ते निवडले गेले, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत त्यालाही मान्यता मिळाली. फुप्फुसांत एकाएकी पाणी भरून जीव घुसमटतो तेव्हा मात्र यातले काहीच पुरत नाही. तेव्हा शिरेतली सुई आणि रुग्णालयच लागते.